वाचक विचारतात : स्वमग्न मुले, इथली आणि जगभरातली

दोन अंकांपूर्वी या सदरात लहान मुलांच्या बोलण्याविषयी लिहिले, तेव्हापासून येणाऱ्या पत्रांत एक शब्द पुन्हा पुन्हा दिसतो आहे : ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता. पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या आईवडिलांनी, आजी-आजोबांनी आणि शिक्षकांनी लिहिलेल्या पत्रांपैकी काही इथे घेतली आहेत. पत्रे लांब होती, म्हणून प्रश्न थोडक्यात दिले आहेत आणि मूल ओळखू येईल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न : माझा मुलगा अडीच वर्षांचा आहे. दीड वर्षाचा असताना तो 'आई', 'पाणी', 'गाडी' असे सहा-सात शब्द बोलत असे. ते हळूहळू बंद झाले. हाक मारली तर वळून पाहत नाही, पण टीव्हीवर ठरावीक जाहिरात लागली की आतल्या खोलीतून धावत येतो. सासूबाई म्हणतात की त्याचे बाबाही चार वर्षांचे होईपर्यंत बोलत नव्हते, बालवाडीत गेला की जीभ सुटेल. आम्ही वाट पाहावी का? — एक आई, डिचोली

उत्तर : वाट पाहू नका. तुमच्या पत्रातले सगळ्यांत महत्त्वाचे वाक्य 'ते हळूहळू बंद झाले' हे आहे. उशिरा बोलणे वेगळे आणि आलेले शब्द जाणे वेगळे. शब्द गेले असतील तर मूल कोणत्याही वयाचे असो, तेवढे एकच कारण तपासणीला पुरेसे असते. सासूबाईंचा अनुभव खोटा आहे असे मी म्हणत नाही. उशिरा बोलून पुढे चांगले बोलणारी मुले बऱ्याच घराण्यांत असतात. मात्र ती मुले शब्द येण्याआधीही हातांनी, डोळ्यांनी आणि चेहऱ्याने सतत काही ना काही सांगत असतात, आणि नेमके तेच आपल्याला पाहायचे असते.

फेरीच्या धक्क्यावर आईच्या कडेवर बसलेले दीड वर्षाचे मूल आठवून पाहा. पलीकडून फेरी सुटलेली दिसली की ते बोट दाखवते, मग वळून आईच्या तोंडाकडे पाहते आणि पुन्हा फेरीकडे पाहते. त्याला काही हवे नसते. मला दिसले ते तुलाही दिसले ना, एवढेच त्याला विचारायचे असते. स्वमग्न मुलांत ही देवघेव उशिरा येते किंवा फार विरळ असते. काही हवे असेल तर असे मूल आईचे मनगट धरून तिचा हात डब्याच्या झाकणावर नेऊन ठेवते, आणि त्या वेळी तिच्या चेहऱ्याकडे पाहीलच असे नाही. खेळण्यातली गाडी चालवण्याऐवजी ती उलटी करून चाक फिरवत बसणे, चपला किंवा डबे एका ओळीत लावणे, त्यातला एक कोणी हलवला तर रडून आकांत करणे, चवड्यांवर चालणे, ऐकलेले वाक्य जसेच्या तसे पुन्हा पुन्हा म्हणणे, अशाही गोष्टी दिसतात. यांतल्या एखाद्या गोष्टीवरून काहीच ठरत नाही. त्या किती आहेत, किती दिवसांपासून आहेत आणि मुलाच्या रोजच्या व्यवहाराला किती आड येतात, हे एकत्र पाहावे लागते.

जाहिरात ऐकून धावत येतो म्हणजे त्याला ऐकू येते, असे तुम्ही धरून चालला आहात. तरीही पहिली तपासणी कानांचीच करून घ्या, कारण काही पट्टीतले आवाज ऐकू येतात आणि काही येत नाहीत अशीही मुले असतात. त्यानंतर बालरोगतज्ज्ञांना भेटा आणि मुलाच्या विकासाची तपासणी करायची आहे, असे स्पष्ट शब्दांत सांगा. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागात ही विचारणा करता येते, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली जिल्हा पातळीवर लहान वयातील उपचारांची जी केंद्रे असतात तिथे पाठवणीची चिठ्ठीही मागता येते. रक्ताच्या चाचणीतून किंवा मेंदूच्या स्कॅनमधून स्वमग्नतेचे निदान होत नाही. जाणकार माणूस मुलाबरोबर खेळतो, त्याला न्याहाळतो आणि तुम्हाला बारीकसारीक प्रश्न विचारतो, त्यावरूनच निदान होते. म्हणून जाण्यापूर्वी घरातली दोन-तीन मिनिटांची साधी चित्रफीत मोबाइलवर घेऊन ठेवा : जेवतानाची, खेळतानाची, हाक मारल्यावरची. दवाखान्यात बिथरलेले मूल घरी कसे असते, हे त्यातून तज्ज्ञाला कळते.

तारीख मिळेपर्यंत हात बांधून बसायचे कारण नाही, आणि हे मी गोव्यातल्याच अनुभवाच्या आधारावर म्हणते. इंग्लंडमध्ये मँचेस्टरच्या जोनाथन ग्रीन यांच्या गटाने आईवडिलांमार्फत करायची एक पद्धत बसवली होती. गोव्यातल्या 'संगथ' या संस्थेने आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या सहकाऱ्यांनी ती आपल्याकडच्या घरांना साजेशी करून घेतली, आणि ६५ मुलांवरच्या त्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. तज्ज्ञ डॉक्टरांऐवजी शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्या घरी जात, आई आणि मूल खेळत असताना चित्रण करीत आणि मग ते आईबरोबर बसून पाहत. या पद्धतीने आईवडील मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुले आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले. चित्रण पाहिल्यावर पुष्कळ पालकांच्या लक्षात येते की आपण मुलाला सारखे प्रश्नच विचारत असतो : हे काय, ते काय, रंग कुठला, काऊ कुठे. प्रश्न थांबवा. त्याच्या समोर जमिनीवर बसा, तो ज्याकडे पाहतो आहे त्याकडे पाहा. चाक फिरवत असेल तर 'फिर, फिर' एवढेच म्हणा आणि गप्प राहा. मनात पाचपर्यंत आकडे मोजा. हे थांबणेच सगळ्यांत कठीण जाते, पण मुलाने तुमच्याकडे पाहण्याला किंवा आवाज काढण्याला त्यामुळेच जागा मिळते. दिवसातून दहा मिनिटे, दोनदा, टीव्ही बंद ठेवून. निदान पुढे काहीही निघाले तरी या वेळेचे मुलाला नुकसान नाही.

प्रश्न : अमेरिकेत आता दर ३१ मुलांमागे एक मूल स्वमग्न असते असे वाचले. आमच्या लहानपणी गावात असे एकही मूल नव्हते. हा आजार तिकडच्या राहणीमुळे होतो आणि आता आपल्याकडे येतो आहे, असे समजायचे का? — एक वडील, फोंडा

उत्तर : आकडा बरोबर आहे, पण त्याचा अर्थ नीट लावायला हवा. अमेरिकेत ठरावीक भागांतल्या आठ वर्षांच्या मुलांच्या शाळेच्या आणि दवाखान्याच्या नोंदी तपासून ही गणती होते. २००० साली ती दर १५० मुलांमागे एक होती. २०२२ च्या नोंदींवरून ती दर ३१ मुलांमागे एक झाली. त्याच वर्षी टेक्सासमधल्या लारेडो भागात हे प्रमाण सुमारे १०३ मुलांमागे एक होते, तर कॅलिफोर्नियातल्या केंद्रावर १९ मुलांमागे एक. एकाच देशात एवढा फरक मुलांच्या मेंदूंमुळे पडतो हे पटण्यासारखे नाही. कुठे किती कसून शोध घेतला जातो आणि निदान झाल्यावर मदत मिळते की नाही, याचा तो बराचसा फरक आहे. मधल्या काळात व्याख्याही रुंदावली. पूर्वी अजिबात न बोलणारी, अतिशय अलिप्त मुलेच मोजली जात. १९९४ साली त्यात ॲस्पर्जर विकाराची (बोलणे नीट येते, पण माणसांत मिसळणे जड जाते अशा छटेची) भर पडली आणि २०१३ पासून या सगळ्या छटा 'स्वमग्नतेचा वर्णपट' या एकाच नावाखाली आल्या. वाढ सगळीच कागदावरची आहे असेही मी म्हणणार नाही : आईवडिलांचे वाढते वय आणि फार अकाली जन्मलेली बाळे वाचण्याचे वाढते प्रमाण यांचाही थोडा हात त्यात आहे.

ही मुले जगात नवी आलेली नाहीत. मॉस्कोतल्या डॉक्टर ग्रून्या सुखारेवा यांनी १९२५ साली अशा सहा मुलग्यांचे वर्णन लिहून ठेवले होते, पण ते फार थोड्यांनी वाचले. १९४३ मध्ये बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी ११ मुलांविषयी लिहिले आणि तिथून या नावाला वैद्यकशास्त्रात स्थान मिळाले. दक्षिण कोरियातल्या गोयांग शहराचे उदाहरण मला सगळ्यांत बोलके वाटते. तिथे संशोधकांनी फक्त दवाखान्यांतल्या नोंदी न पाहता साध्या शाळांतली ७ ते १२ वर्षांची मुलेही तपासली. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत प्रमाण २.६४ टक्के निघाले, आणि त्यांतली दोन-तृतीयांश मुले साध्या शाळेत, कोणत्याही निदानाशिवाय आणि मदतीशिवाय शिकत होती. त्या पाहणीत सहभागी असलेले मानववंशशास्त्रज्ञ रॉय रिचर्ड ग्रिंकर यांनी लिहून ठेवले आहे की कोरियातल्या काही आया स्वमग्नतेऐवजी 'आईच्या मायेच्या अभावाने झालेला विकार' हे निदान पत्करत, कारण त्यात दोष एकट्या आईवर येई आणि घराण्याला बट्टा लागत नसे, बहिणींची लग्ने अडत नसत. हे वाचताना मला आपली किती घरे आठवली, ते सांगत बसत नाही.

आपल्याकडची मोजणीही झाली आहे, आणि तीत गोवा आहे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत पलवल, कांगडा, ढेंकानाल, हैदराबाद आणि उत्तर गोवा अशा पाच ठिकाणची २ ते ९ वर्षांची ३,९६४ मुले तपासली गेली. स्वमग्नता, अपस्मार, बहिरेपणा, बौद्धिक अक्षमता, शिकण्यातल्या अडचणी अशा नऊ अडचणींपैकी किमान एक तरी जवळजवळ दर आठ मुलांमागे एकाला होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात दर १२७ माणसांमागे एक स्वमग्न होते. तेव्हा तुमच्या लहानपणीच्या गावातही ती होतीच. त्यांना कोणी मुके म्हटले, कोणी खुळे, कोणी एकलकोंडे. काही शाळेत आलीच नाहीत, आणि काही तुमच्याच वर्गात शेवटच्या बाकावर बसून गणिते सोडवत असतील.

नावावरूनही देशोदेशींचा दृष्टिकोन कळतो. जपानी भाषेतल्या शब्दाचा अर्थ स्वतःला बंद करून घेण्याचा विकार असा होतो. न्यूझीलंडमध्ये माओरी भाषेसाठी केरी ओपाई यांनी 'ताकीवातांगा' हा शब्द घडवला. 'त्याच्या स्वतःच्या वेळेत आणि अवकाशात' असा त्याचा भाव आहे. आपला 'स्वमग्न' हा शब्द या दोहोंच्या मधला आहे. तो मुलाला हिणवत तरी नाही, म्हणून मला जवळचा वाटतो.

प्रश्न : माझा नातू चार वर्षांचा आहे आणि डॉक्टरांनी स्वमग्नता सांगितली आहे. सून नोकरीला जाते, लहानपणी पोराच्या हातात मोबाइल दिला, म्हणून असे झाले असे शेजारपाजारचे आणि आमच्यातलेही काही बोलतात. ती रात्री रडते. देवाला गाऱ्हाणे घातले आहे. खरेच तिचे चुकले का? — एक आजी, पेडणे

उत्तर : आजी, तिचे काही चुकलेले नाही, आणि हे वाक्य तुम्ही तिला स्वतः वाचून दाखवा.

आईला दोष देण्याची ही रीत आपल्या शेजाऱ्यांनी शोधलेली नाही. अमेरिकेत १९५० आणि १९६० च्या दशकांत मोठमोठे तज्ज्ञ आयांना 'फ्रिजसारख्या थंड' म्हणत. ब्रुनो बेटलहाइम यांनी हा विचार १९६७ मध्ये पुस्तकातून लाखो घरांत पोहोचवला आणि मुलांना आईपासून दूर ठेवणे हाच उपचार ठरवला गेला. त्याआधीच, १९६४ साली, बर्नार्ड रिमलंड यांनी स्वमग्नतेचे मूळ शरीरात, मेंदूच्या घडणीत आहे असे मांडले होते. ते स्वतः मानसशास्त्रज्ञ होते आणि एका स्वमग्न मुलाचे वडील होते. पुढे १९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या मुलांचा अभ्यास करून आनुवंशिकतेचा पुरावा दिला. डेन्मार्क, फिनलंड, स्वीडन, इस्रायल आणि पश्चिम ऑस्ट्रेलिया इथल्या सुमारे २० लाख मुलांच्या नोंदींवरून २०१९ साली आनुवंशिक घटकांचा वाटा सुमारे ८० टक्के असल्याचे दिसले. म्हणजे ही घडण बहुतांशी जन्माआधीच ठरलेली असते. एका घराण्याचा दोष शोधण्यासाठी याचा उपयोग करू नका. शेकडो जनुकांचा हा मेळ दोन्ही बाजूंनी येतो आणि कधी मुलातच नव्याने होतो.

मोबाइलने स्वमग्नता होत नाही. 'व्हर्च्युअल ऑटिझम' असे नाव हल्ली कानावर येते, पण ते मान्यताप्राप्त निदान नाही. लहान मूल तासन्तास पडद्यासमोर बसले तर माणसांशी बोलण्याचा त्याचा वेळ जातो, आणि तो कोणत्याही मुलाचा जाऊ नये, इतकेच खरे आहे. पुष्कळदा क्रम उलटा असतो : मूल दुसऱ्या कशात रमत नाही म्हणून थकलेले आईवडील त्याच्या हाती मोबाइल देतात.

गाऱ्हाणे घातलेत ते चांगले केलेत. त्याने तुमच्या मनाला बळ येते. फक्त देवळातून येताना आठवड्यातली थेरपीची वेळ चुकू देऊ नका. आणि तुम्हाला जमेल तर संध्याकाळचा एक तास नातवाला तुम्ही घ्या, म्हणजे सुनेला पाठ टेकता येईल. कित्येक घरांत उपचारापेक्षा आधी याची गरज असते.

प्रश्न : गोवराची लस दिल्यामुळे स्वमग्नता होते असे व्हॉट्सॲपवर आले आहे. धाकट्याची लस पुढे ढकलू का? — म्हापसा

उत्तर : ढकलू नका. ही भीती १९९८ साली 'द लॅन्सेट' या नियतकालिकात आलेल्या अँड्र्यू वेकफील्ड यांच्या लेखातून पसरली. तो लेख केवळ १२ मुलांवर आधारलेला होता, त्यातली माहिती विपर्यस्त असल्याचे उघड झाले, नियतकालिकाने २०१० मध्ये तो मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफील्ड यांचे नाव ब्रिटनच्या डॉक्टरांच्या नोंदवहीतून काढण्यात आले. डेन्मार्कमधल्या ६,५७,४६१ मुलांच्या २०१९ च्या अभ्यासात लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत फरक आढळला नाही. जपानने १९९३ मध्ये गोवर, गालगुंड आणि रुबेला यांची तिहेरी लस बंद केली, तरी योकोहामात स्वमग्नतेची निदाने वाढतच राहिली. गैरसमजाचे एक कारण समजण्यासारखे आहे : गोवराची लस आणि स्वमग्नतेची पहिली स्पष्ट चिन्हे एकाच वयात येतात. गोवर मात्र आजही मुलांचे प्राण घेतो.

प्रश्न : घरी आम्ही कोंकणी बोलतो, आजोळी मराठी, आणि शाळा इंग्रजी. मुलीला स्वमग्नता आहे. एका थेरपिस्टने घरात फक्त इंग्रजी बोलायला सांगितले. आजी-आजोबांना ते येत नाही आणि आता ती दोघे तिच्याशी बोलतच नाहीत. — एक आई, मडगाव

उत्तर : पत्रातले शेवटचे वाक्य वाचून वाईट वाटले. तो सल्ला आजच पाळायचा सोडा. कॅनडासारख्या बहुभाषिक देशात यावर अभ्यास झाले आहेत आणि एकाहून अधिक भाषा ऐकणारी स्वमग्न मुले त्या कारणाने अधिक मागे पडत असल्याचे त्यांत दिसलेले नाही. याउलट, घरातल्या माणसांनी मोडक्या परभाषेत बोलायचे ठरवले की ती कमी बोलतात, गाणी म्हणत नाहीत, रागावत नाहीत आणि लाडही करीत नाहीत. ज्या मुलीला आधीच संवादाचे दार किलकिलेच उघडे आहे, तिच्यासाठी हा तोटा फार मोठा आहे.

गोव्यात मात्र एक अडचण खरीच येते. मूल घरी 'उदक' म्हणायला शिकते, आजोळी त्याला 'पाणी' म्हणतात, आणि वर्गात ते 'उदक' म्हणाले तर नव्या बाईंना कळेलच असे नाही. मग मूल ओरडते आणि 'वागणुकीची समस्या' म्हणून त्याची नोंद होते. यासाठी एक लहान वही करा. मुलगी जे शब्द, ज्या खुणा वापरते त्या तिन्ही ठिकाणच्या माणसांसाठी लिहून ठेवा, आणि प्रत्येक शब्दापुढे चित्र चिकटवा. पेल्याचे चित्र तिन्ही भाषांत एकच असते. चित्रे दाखवायची सवय लागली तर मूल बोलणार नाही ही भीतीही बाळगू नका. चित्रांनी बोलणे थांबत नाही.

प्रश्न : स्टेम सेलच्या इंजेक्शनांनी स्वमग्नता बरी होते अशी जाहिरात पाहिली. खर्च काही लाख आहे, दागिने मोडायची तयारी आहे. — साखळी

उत्तर : दागिने मोडू नका. स्वमग्नता इंजेक्शनाने जात नाही. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिविषयक मंडळाने २०२२ च्या डिसेंबरमध्ये स्वमग्नतेवर हे उपचार करू नयेत असेच सांगितले आहे. शरीरातले धातू औषधाने काढण्याचा जो 'कीलेशन' नावाचा प्रकार चालतो, त्याने २००५ साली अमेरिकेत पाच वर्षांच्या एका स्वमग्न मुलाचा जीव गेला. फार चिडचिड किंवा स्वतःला इजा करणे असेल, झोप लागत नसेल, फिट येत असतील, तर त्या त्या त्रासावर औषधे आहेत आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली जरूर द्यावीत. 'बरे करतो' असे सांगणाऱ्याला मात्र एकच विचारा : हे लेखी द्याल का?

प्रश्न : माझ्या दुसरीच्या वर्गात एक मुलगा आहे. वाचन उत्तम, पण घंटा झाली की कान दाबून बाकाखाली शिरतो, रांगेत उभा राहत नाही. काही पालक म्हणतात त्याला विशेष शाळेत पाठवा. मला तो वर्गात हवा आहे, पण काय करावे ते कळत नाही. — प्राथमिक शिक्षिका, सत्तरी

उत्तर : तुम्हाला तो वर्गात हवा आहे, हे वाचून आनंद झाला. कायदाही तुमच्याच बाजूने आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ज्या २१ अक्षमता आहेत त्यांत स्वमग्नता आहे, आणि ४० टक्के किंवा अधिक अक्षमता असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. निवड त्या मुलाच्या पालकांची आहे, वर्गातल्या इतर पालकांची नाही.

या मुलांपैकी अनेकांना आवाज, प्रकाश, स्पर्श आपल्यापेक्षा कितीतरी तीव्रतेने जाणवतात. माझ्या ओळखीतला एक मुलगा चवथीला गणपतीच्या वर टांगलेल्या माटोळीला बांधलेली रानफळे, पाने, कणसे एकेक करून नावानिशी सांगतो. मोठ्यांना न येणारी नावेही त्याला येतात. पण आरतीला घुमट आणि शामेळ वाजू लागले की तो मागच्या दाराने बाहेर पळतो. पहिली दोन वर्षे त्याला धरून आरतीत उभे केले गेले आणि दर वेळी तो ओकला. तिसऱ्या वर्षी आजोबांनी त्याला आधी सांगून परसात विहिरीपाशी बसवले, आरती संपल्यावर आत आणले आणि पाहुण्यांना माटोळी समजावून सांगायचे काम त्याच्याकडे दिले. ते काम आता त्याचेच आहे.

तुमच्या वर्गातही हेच करा. घंटेच्या दोन मिनिटे आधी त्याला खूण करा, किंवा घंटा वाजवायचे कामच त्याला देऊन पाहा. आवाज आपल्या हातात असला की त्याची भीती कमी होते. दिवसाचे वेळापत्रक चित्रांत काढून त्याच्या बाकावर चिकटवा आणि एकेक तास झाला की त्याला त्यावर काट मारू द्या. चवथीच्या सुट्टीआधी, स्नेहसंमेलनाच्या तालमींत, तपासणी अधिकारी येणार असतील तेव्हा, म्हणजे ठरलेला क्रम मोडणार असेल तेव्हा, आदल्या दिवशी सांगा. रांगेत त्याला सगळ्यांत शेवटी उभे करा, म्हणजे मागून कोणी ढकलणार नाही. सूचना लहान आणि सरळ द्या. 'कान कुठे गेले तुझे?' असे विचारलेत तर तो खरोखरच कान चाचपून पाहील.

आणखी एक विनंती. वर्गातल्या अगदी गप्प मुलींकडेही पाहा. निदान झालेल्यांत मुलगे मुलींच्या तीन-चार पट असतात, पण यातला काही फरक मुली सुटून गेल्यामुळे आहे. त्या मैत्रिणींची नक्कल करून दिवसभर निभावून नेतात आणि घरी जाऊन कोसळतात. शांत मुलीविषयी तक्रार कोणी करीत नाही, म्हणून तिला तपासायलाही कोणी नेत नाही.

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा आहे. थोडके बोलतो. कदंबाच्या आमच्या मार्गावरच्या सगळ्या बसच्या वेळा त्याला तोंडपाठ आहेत, पण एकटा कधी बसमध्ये चढलेला नाही. लहान मुलांविषयी सगळे लिहितात. आमच्या मागे याचे काय, ते कोणी सांगत नाही. — एक वडील, काणकोण

उत्तर : तुमची तक्रार रास्त आहे. आधी कागदपत्रांचे सांगते, कारण त्याला वेळ लागतो. अठरा वर्षे पूर्ण झाली की कायद्याने तो सज्ञान होतो आणि आईवडील म्हणून तुमची सही आपोआप चालेनाशी होते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्न व्यक्तीसाठी पालक नेमण्याची तरतूद आहे. अर्ज जिल्ह्याच्या स्थानिक स्तर समितीकडे करायचा असतो आणि तीत जिल्हाधिकारी असतात. त्याच न्यासाची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचा खर्च देते आणि तीत थेरपीचाही समावेश आहे. अक्षमतेचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांग व्यक्तीचे ओळखपत्र) काढले नसेल तर आधी ते काढा. राज्याच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेसाठीही ते लागेल. पालकत्वाचा अर्ज करताना मात्र तुमचा मुलगा कोणत्या गोष्टी स्वतः ठरवू शकतो, ते आधी लिहून काढा. कोणते कपडे घालायचे, कोणाबरोबर राहायचे, पैसे कशावर खर्च करायचे, यातले जेवढे त्याच्याकडे ठेवता येईल तेवढे त्याच्याकडेच राहू द्या.

कॅनर यांच्या १९४३ च्या लेखातले पहिले मूल पुढे मोठे होऊन ८९ वर्षे जगले. डोनाल्ड ट्रिपलेट हे त्यांचे नाव. मिसिसिपीमधल्या फॉरेस्ट या लहान गावात त्यांनी बँकेत नोकरी केली, मोटार चालवली, गोल्फ खेळला, देशोदेशी प्रवास केला आणि २०२३ साली त्यांचे निधन झाले. घरची सुस्थिती त्यांच्या उपयोगी पडली हे खरे. पण गावाने त्यांचे वेगळेपण सहज धरले होते आणि लोक त्यांना जपत होते, हेही तिथे गेलेल्यांनी नोंदवले आहे. एवढे गाव तुमच्याभोवतीही जमवता येईल : दुकानदार, बसचा कंडक्टर, देवळातले भटजी, दोन शेजारी. त्यांना मुलाविषयी मोकळेपणाने सांगा, लपवू नका. पणजीत २०२३ च्या जानेवारीत पर्पल फेस्ट हा दिव्यांगांचा महोत्सव पहिल्यांदा झाला तेव्हा पुष्कळ घरांनी आपली मोठी झालेली मुले प्रथमच अशा गर्दीत आणली. पुढच्या खेपेला तुम्हीही त्याला घेऊन या.

आणि बसचे आजच मनावर घ्या. पहिले काही दिवस एकच बस, एकच थांबा, तुम्ही शेजारी. तिकिटाचे सुटे पैसे त्याच्या खिशात असू द्या आणि कंडक्टरला ते त्यानेच द्यावेत. पुढच्या आठवड्यात तुम्ही दोन आसने मागे बसा. त्यानंतर तुम्ही स्कूटरवरून पुढच्या थांब्यावर जाऊन उभे राहा. एक कार्ड त्याच्या गळ्यात असू द्या, त्यावर तुमचा फोन नंबर आणि 'मी थोडे बोलतो, कृपया थांबा' एवढे एक वाक्य. बसला उशीर झाला तर काय करायचे, याची तालीम मात्र घरी आधी करून घ्या. वेळा तोंडपाठ असणाऱ्या मुलाला तोच प्रसंग सगळ्यांत जड जातो.